घरातला सभासद

फुकट तिकिटाच्या पॉइंटांसाठी कुठल्या विमान कंपनीचं सभासद व्हायचं यावर गेणूतात्यांनी चार दिवस खल केला. कुणाच्या नावानं, यावर क्षणभरही नाही. साखर कारखान्याचे सभासद तेच, मग इथंही तेच. पण कळस गावाहून लेकीकडं बेंगळुरूला खेपा घालायच्या त्या त्यांच्या बायकोनं, धोंडाबाईंनी.

चौथ्या खेपेला विमानतळावरच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजी, पॉइंट प्रवास करणाऱ्यालाच मिळतात. तुमच्या नावानं सभासदत्व काढू?"

जन्मभर ऊस खुरपला, सभासदाची साखर मात्र नवऱ्याच्या नावानं आली. धोंडाबाई ताठ झाल्या. "काढ बाई."

ओटीपी घरी तात्यांच्या फोनवर गेला; धोंडाबाईंना तेवढाच नंबर पाठ होता. मुलीनं फोन लावून आकडे विचारले.

"न्हाय सांगणार," तात्या म्हणाले. "घरात मी हाय न्हवं सभासद? तिला कशाला पायजे?"