मॅडम उलटली

माझ्या थोरल्या बहिणीच्या गोठ्यातल्या गाईला सगळे मॅडम म्हणतात, कारण ती कुणाच्या बापाचं ऐकत नाही. तीनदा भरवली, तिन्ही वेळा उलटली; म्हणजे गाभण न राहता एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर हजर. चौथ्यांदा भरवली तेव्हा भाऊजींनी जाहीर केलं, आता उलटली तर थेट विकायची. ताईचा त्या गाईत जीव. आणि जनावरांची डॉक्टर मी, म्हणजे खापर फुटणार माझ्याच डोक्यावर.

विसाव्या दिवशी ताईचा मेसेज आला: 'मॅडम उलटली.' मी प्रशिक्षणाला परगावी होते. 'बघते आल्यावर,' एवढं लिहिलं आणि भाऊजींच्या भीतीने फोनचा आवाजच बंद केला.

दहा दिवसांनी गोठ्यात पोचले. खांद्यापर्यंत हातमोजा चढवून आत हात घातला. अंडाशयावरचा पिवळा गोळा बोटाला लागला. हा गोळा मोठा दुटप्पी. गाय रिकामी असली तरी माजानंतर तो असतो आणि गाभण असली तरी असतो. गर्भ सतराव्या दिवशी नुसता दोऱ्याएवढा असतो, ना तोंड ना पाय, पण गर्भाशयाला बजावतो, की मी आलोय, आवराआवर करू नका. निरोप पोचला की गर्भाशय मुकाट्याने प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे गोळा विरघळवणारं संप्रेरक, आवरतं; गोळा टिकतो आणि त्याच्या जिवावर गर्भही. नाही पोचला, तर गोळा विरतो आणि गाय माजावर.

माझ्या सिरिंजमध्ये तेच प्रोस्टाग्लँडिन होतं. गोळा विरघळवून मॅडमला लवकर माजावर आणायचं, पाचव्यांदा भरवायचं, असा माझा बेत. सोनोग्राफीचं यंत्र गाडीतच होतं, पण काढायचा कंटाळा आला.

ताई शेपूट धरून उभी होती. इंजेक्शन ताकदीचं असेल, असं तिला वाटत होतं.

"जपून गं," ती म्हणाली. "त्या दिवशी उलटली ना, माझं कोपर अजून दुखतंय."

सुई कातडीपासून बोटभर दूर होती.

"उलटली म्हणजे?"

"अंगावर आली! भिंतीला दाबलं मला. मेसेज नव्हता का केला? तू आपली 'बघते आल्यावर'. लागलं का, एवढंही विचारलं नाहीस."

"माजावर नव्हती आली?"

"छे! महिनाभर माजाचं चिन्ह नाही."

धावत जाऊन यंत्र आणलं. काळ्या पडद्यावर तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी, आणि त्यात लुकलुकणारं काळीज. मला रडूच आलं.

ताई पडद्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "ती सुई टोचली असतीस तर?"

"गेलं असतं, ताई. माझ्या हातून."

तिने मॅडमच्या पाठीवरून हात फिरवला.

"ह्यांना सांगू नकोस," ती म्हणाली. "गाय ठेवतील आणि तुला विकतील."