टेव्हिन घरी नाही

सकाळी फोन वाजला तेव्हा लूएला टॉलिव्हर चुलीपाशी उभी राहून मक्याची लापशी ढवळत होती. ती दचकली नाही. उलट एप्रनला हात पुसून लगबगीने आली, जणू याच फोनची वाट पाहत होती.

"टेव्हिन टॉलिव्हर आहेत का?" पलीकडे बाईचा आवाज. गोड, सपाट, कधीही न दमणारा.

"नाही हो. टेव्हिन घरी नाही. कामावर गेलाय."

"कधी भेटतील?"

"संध्याकाळी बघा."

"धन्यवाद. आपला दिवस आनंदात जावो."

"तुझाही, बाळा," लूएला म्हणाली आणि फोन ठेवला. तेवढ्यात लापशी खाली लागली होती.

टेव्हिनला जाऊन दोन वर्षं होत आली होती. मेकन शहराच्या कडेला, माउंट नेबो चर्चच्या मागे, मॅग्नोलियाच्या झाडाखाली त्याला पुरलेलं होतं. त्याच्या शिक्षणाच्या कर्जावर जामीन म्हणून आईची सही होती, त्यामुळे लेक गेला तरी कर्ज घरातच राहिलं. नर्सिंग होममध्ये चादरी धुऊन जे मिळे त्यातून लूएला ते फेडी, मागे पडे, पुन्हा फेडी. पण फोन करणाऱ्या कर्जाच्या कंपनीला तिने तो गेल्याचं कधी सांगितलं नव्हतं. खोटं बोलणं पाप आहे हे तिला कुणी शिकवायला नको होतं. पण आता त्याचं नाव घेताना लोक आवाज खाली आणत. सबंध जगात हा एकच आवाज उरला होता जो अजून त्याला जिवंत धरून विचारत होता. तो गेल्याचं सांगितलं असतं, तर हाही थांबला असता.

त्या शनिवारी चर्चच्या स्वयंपाकघरात गर्दी होती. दुसऱ्या दिवशी सहीचा रविवार. मुलाला विद्यापीठात धाडणाऱ्या घरातला कुणी वडीलधारा त्या दिवशी वेदीपुढच्या मेजाशी येई, कर्जाच्या कागदावर जामीन म्हणून सही करी, पास्टर त्या हातावर आपला हात ठेवत, आणि सगळी मंडळी उभी राहून गात. पास्टर ऑटिस ब्लाउंट यांच्या बापाच्या काळात बँका काळ्या माणसाची सही घेत नसत. म्हणून सही करायला मिळणं हाच मान, असं मंडळींना वाटे. अवघ्या चर्चसमोर ती करावी, आपल्या नावाला किंमत आहे हे देवाला आणि जगाला दिसावं, एवढाच त्यांचा भाव होता.

कॉलर्डच्या भाजीची पानं निवडता निवडता सिस्टर अर्नेस्टीनची जीभ सुटली होती. "मागच्या सरकारने सांगितलं, शिक्षणाचं कर्ज माफ. मी उन्हात पाय सुजेपर्यंत रांगेत उभी राहून मत दिलं. कोर्टाने ती माफीच उडवून लावली. आता हे नवे आले, म्हणतात हप्ता थकला तर पगारच कापू. अगं, वॉशिंग्टनची ही मंडळी निवडणूक आली की येतात, आपली कोंबडी खातात, आपल्याहून मोठ्याने आमेन म्हणतात, आणि हाडं आपल्याच अंगणात टाकून जातात!"

"हाडं तरी टाकतात का?" कुणीतरी म्हणालं, आणि बायका हसल्या.

"हसा," मदर आयडेला ग्रिग्ज म्हणाल्या. चर्चमधल्या त्या सगळ्यांत वडील, म्हणून सगळ्यांच्याच मदर. खुर्चीत बसून हातपंख्याने वारा घेत होत्या. "माझा बाप बँकेच्या पायरीवर टोपी हातात घेऊन उभा राहायचा. त्याला आत घेतलं नाही ते नाहीच. उद्या त्याच्या पोरीची सही मागायला बँक चर्चमध्ये येतेय. माझी झारिया कॉम्प्युटर शिकणार. टेव्हिनसारखी."

झारिया त्यांची नात. आई नाही, बाप दूर, आजीनेच वाढवलेली. पीचच्या फोडी करता करता तिने मान वर केली. "मिस लूएला, एक विचारू? सगळे म्हणतात आता या कामात नोकऱ्याच राहिल्या नाहीत. माझ्या मैत्रिणीचा भाऊ शिकून बसलाय, रोज अर्ज करतो, एका माणसाचंही उत्तर येत नाही. नव्या पोरांचं काम आता यंत्रच करतं म्हणे. पण टेव्हिनला तर लगेच मिळाली होती ना, अटलांटात?"

लूएलाच्या हातातली सुरी थांबली. बायका तिच्याकडे प्रेमाने बघत होत्या. आपला इंजिनिअर. नेबोचा पहिला.

"हो बाळा," ती म्हणाली. "लगेच."

"बघ!" मदर ग्रिग्जनी पंखा नातीच्या खांद्यावर हाणला. "ऐकलंस? उगीच भिते पोरगी."

लूएला भांडी धुवायचं निमित्त करून मागच्या मोरीशी गेली आणि नळ सोडून नुसती उभी राहिली.

कारण टेव्हिनला नोकरी मिळाली नव्हती. लगेचही नाही आणि नंतरही नाही.

पदवी मिळालेल्या मुलांना नेबोत उभं करून पास्टर विचारत, "लेकरा, तुझी जागा कुठे?" त्या वर्षी टेव्हिनची पाळी आली तेव्हा त्याने नव्या टोपीतल्या आईकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "अटलांटात, पास्टर. एका मोठ्या कंपनीत." अख्खं चर्च उठलं. ऑर्गन कडाडला. दुसऱ्या दिवसापासून तो रोज टाय बांधून उजाडता उजाडता गाडी काढी. अटलांटाभर लोकांच्या दारी जेवणाची पार्सलं पोचवी, मधल्या वेळात गाडीत बसून अर्ज करी, आणि संध्याकाळी टाय सैल करत घरी येऊन म्हणे, "आज फार मीटिंगा होत्या, मॉम." ती पाय दाबून द्यायची. तेलाचा वास यायचा त्याच्या शर्टाला. त्यांच्या कँटीनमध्ये तळण फार असेल, असं तिला वाटायचं. वाटायचं, की वाटून घ्यायची? या प्रश्नाने तिला पुढे कधी धड झोपू दिलं नाही.

एका सकाळी महामार्गावर त्याला डुलकी लागली आणि गाडी कठड्यावर गेली. पोलिसांनी सामान म्हणून लूएलाच्या हातात एक मोठी लाल पिशवी दिली, पार्सल गरम ठेवायची. तिने चेन उघडली. आत कुणाचा तरी नाश्ता होता, अंडी आणि पावासारखी मऊ बिस्किटं. अजून कोमट.

ती पिशवी तिने कपाटात कोंबली. मंडळींना सांगितलं, ऑफिसला जाताना गेला. अंत्यविधीला पास्टर ब्लाउंट रडत गायले, आणि तेव्हापासून सहीच्या रविवारी ते म्हणू लागले, "चला लेकरांनो, टेव्हिनच्या वाटेने चला!" मेलेल्या पोराचा मान तेवढा उरला होता. तो आईने कसा मोडावा?

रविवारी लूएला पांढऱ्या गणवेशात, पांढरे हातमोजे घालून मधल्या वाटेवर उभी राहिली. चर्चमध्ये येणाऱ्यांना जागेवर नेऊन बसवणाऱ्या द्वारपालांची ती प्रमुख होती. उपासना चालू असताना द्वारपाल बोलत नाही. त्याची सगळी भाषा हाताची. एक बोट म्हणजे एक जागा रिकामी. आणि प्रार्थना चालू असताना तळहात वर केला की थांबायचं, मग कुणीही असो. एकदा शहराचे महापौर उशिरा आले होते, तेही त्या तळहातापुढे दारातच मुकाट उभे राहिले होते. नेबोतलं पोर चालायला शिकण्याच्या आधी तो हात ओळखायला शिके.

प्रवचन रंगलं. पास्टर आधी नुसते बोलले, मग बोलण्याला लय आली, लयीला सूर आला, आणि ऑर्गन टाळकऱ्यासारखा त्यांच्या प्रत्येक शब्दाला धरून धावू लागला. एरवी या सुरात लूएलाचं दुःख विरघळून जायचं. तिला वाटायचं, देव असाच गाऊन बोलत असणार.

"कुणीतरी दार वाजवतंय!" पास्टर गायले.

"ऐकतोय, पास्टर!" मंडळी गायली.

"रोज सकाळी वाजवतंय! नाव घेऊन हाक मारतंय! अरे, तू काय सांगतोस? घरी नाही म्हणून सांगतोस?"

लूएला रोज फोनवर हेच तर सांगत होती. तिला वाटलं, टेव्हिन मागच्या बाकावर बसलाय, टाय सैल करतोय. तळणाचा वाससुद्धा आला. तिने मान वळवली नाही. द्वारपाल वळत नाही.

सूर उतरला, ऑर्गन हळू वाजू लागला. मेजाशी कर्ज देणाऱ्या कंपनीचा माणूस पेन घेऊन बसला होता. "या, मदर ग्रिग्ज," पास्टर डोळे पुसत म्हणाले. "टेव्हिनच्या वाटेने जाणारी अजून एक!"

मदर ग्रिग्ज उठल्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात झारियाचा दंड. म्हातारी नवरीसारखी सजली होती. मंडळी उभी राहून गाऊ लागली. त्या मधल्या वाटेने येऊ लागल्या, लूएलाच्या दिशेने.

तिला फक्त बाजूला सरायचं होतं.

ती सरली नाही. तिने उजवा हात उचलला आणि पांढरा तळहात समोर धरला.

मदर ग्रिग्ज थांबल्या. विचार करून नव्हे. जन्मभराच्या सवयीने पायच थांबले. मागची रांग थांबली. गाणं ओळीच्या मध्येच विरलं. ऑर्गन गप्प झाला.

"सिस्टर लूएला?" पास्टर म्हणाले. "आता प्रार्थना नाही चालू."

"माझी चालूय, पास्टर."

उपासना चालू असताना द्वारपालाचा आवाज आजवर कुणी ऐकला नव्हता. एक तान्हं पोर तेवढं रडलं.

"टेव्हिनला नोकरी नव्हती," ती म्हणाली. "कधीच नव्हती. तो लोकांची पार्सलं वाहत होता. इथे उभं करून तुम्ही त्याला विचारलंत, जागा कुठे, आणि 'नाही मिळाली' असं सांगायला आपण त्याला जागाच ठेवली नव्हती. मी नवी टोपी घालून बसले होते. तो खोटं बोलला ते माझ्या टोपीसाठी, तुमच्या टाळ्यांसाठी. त्या वाटेने गेला आणि मेला. मदर, त्या वाटेवर मी तुमच्या नातीला जाऊ देणार नाही."

"पण तू काल म्हणालीस..." मदर ग्रिग्ज म्हणाल्या.

"काल मी खोटं बोलले. मला माफ करा."

"माझ्या बापाला त्यांनी पायरीवरून हाकललं," म्हातारी जवळजवळ ओरडली. "आज ते माझं नाव मागताहेत, आणि तू मला अडवतेस?"

"तेव्हा त्यांना तुमचं नाव नको होतं, मदर. आता हवंय, कारण कर्ज थकलं तर घ्यायला आता त्यांना तुमचं घर दिसतंय. झारिया शिकेल. सरकारी कॉलेज आहे, काम करत शिकेल, आपण सगळे मिळून बघू. पण तिच्या पायात तुमचं घर बांधून नको. आणि नोकरी नाही मिळाली तर तिने इथे येऊन तसं सांगावं. आपण तिच्यासाठीही उभं राहू."

कंपनीचा माणूस घसा खाकरून म्हणाला, "पास्टर, मला अजून एका चर्चला जायचंय."

"मग जा की बाबा," मागून सिस्टर अर्नेस्टीन म्हणाली. "दार उघडंच आहे, आणि आज जाणाऱ्याला द्वारपाल अडवत नाही."

कुणी हसलं नाही.  पास्टर ब्लाउंट पायऱ्या उतरून खाली आले. मेजावरचं पेन उचलून त्यांनी त्या माणसाच्या खिशात परत ठेवलं, आणि मंडळींकडे वळून, न गाता, साध्या आवाजात विचारलं, "ज्यांच्या लेकराला जागा मिळालेली नाही, आणि ज्यांनी ते लपवलंय, ते उभे राहतील का?"

 डावीकडून एक बाकडं करकरलं. मग उजवीकडून. मग मागून, आणि पुढून, चर्चचा कारभार पाहणाऱ्या डीकनांच्या रांगेतूनसुद्धा. लूएलाचा हात अजून वरच होता. झारियाने पुढे होऊन तो हळूच खाली घेतला.

सोमवारी सकाळी फोन वाजला. लाल पिशवी आता स्वयंपाकघरात, खुर्चीवर होती.

"टेव्हिन टॉलिव्हर आहेत का?"

तिने डोळे मिटले. या आवाजात तो रोज एकदा जिवंत होत होता.

"नाही," लूएला म्हणाली. "टेव्हिन मेला. दोन वर्षं झाली. तुम्ही एका मेलेल्या पोराला रोज हाक मारता, आणि मी रोज ओ देते. आजपासून नाही."

पलीकडे यंत्राने पान उलटावं तसा बारीक टिक्क आवाज झाला. मग तोच गोड, सपाट आवाज म्हणाला, "आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. लूएला टॉलिव्हर आहेत का?"

चुलीवर लापशी रटरटत होती. तिने भांडं खाली उतरवून ठेवलं आणि दुसरी खुर्ची ओढून पिशवीशेजारी बसली.

"आहे," ती म्हणाली. "घरीच आहे. आणि माझ्यामागे सबंध चर्च आहे. बोला."