चाळीस काय?

कुणी "किती?" विचारलं, की आपण आकडा फेकून मोकळे होतो. दोन द्या, पाच टाका, दहाला येतो. दोन काय आणि पाच काय, ते समोरच्यानं समजून घ्यायचं. गंमत म्हणजे तो घेतोही समजून, त्यामुळे ही सवय आपल्याला कधी खटकत नाही. पण मंडळी, हीच सवय एका घराला केवढ्याला पडणार होती ते ऐका.

घर होतं एका बेकरीवाल्याचं. पुढे दुकान, मागे भट्टी, वर राहायची जागा. घरात बेकरीवाला, त्याची बायको, म्हातारे वडील आणि एकुलती एक लेक. ही लेक जन्मली तेव्हा इतकी एवढीशी होती, की आजोबांनी तिचं नावच छटाक ठेवलं. आता ती पाच वर्षांची झाली, शाळेत जायला लागली, तरी घरात छटाकच राहिली.

केक पौंडात विकायचा, म्हणून भट्टीजवळचा मोठा काटाही पौंडांचाच. आजोबांनी तरुणपणी हौसेनं घेतलेला. रविवारी सकाळी सगळ्या घरानं पाळीपाळीनं त्यावर उभं राहायचं, हा त्या घरचा शिरस्ता. आजोबा चष्मा सरसावून आकडा वाचायचे आणि ज्याचं वजन वाढलं असेल त्याची यथेच्छ टिंगल करायचे. वाचायचे तो नुसता आकडा. पौंड हा शब्द कुणी उच्चारत नसे, कारण त्या घरात दुसरं माप नव्हतंच. सुनेनं एकदा किलोचा काटा आणायचं सुचवलं, तर तुमचे किलो तुम्हाला लखलाभ, असं म्हणून त्यांनी विषय संपवला होता.

एका दुपारी छटाकला सपाटून ताप भरला. बघता बघता तिचं अंग ताठलं, डोळे फिरले, दातखीळ बसली. थोड्या वेळानं झटका ओसरला. बापानं तिला शालीत गुंडाळलं आणि दवाखाना गाठला. तिथे ही गर्दी. खिडकीतल्या बाईंनी आधी वय विचारलं, मग वजन. त्या तिला काट्यावर उभं करायला निघाल्या, तर पोर बापाच्या गळ्याला बिलगून रडायला लागली. परवाच केलंय वजन, चाळीस आहे, असं बाप घाईघाईनं म्हणाला. बाईंनी चाळीस टाकलं. डॉक्टरांनी शालीतूनच छाती तपासली, धीर दिला, पुन्हा झटका येऊ नये म्हणून एक सिरप सांगितलं. डोस कॉम्प्युटरनं त्या चाळिसावरून काढला. वय, वजन आणि डोस छापलेला कागद घेऊन बाप कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात आला.

दुकान एक बाई चालवत. त्यांनी कागद वाचला, शालीतल्या छटाककडे पाहिलं, पुन्हा कागद वाचला. मुलीचं वय विचारलं. वजन कुणी केलं ते विचारलं. पोर तापानं फणफणलीय आणि यांच्या चौकशा संपेनात! बाप वैतागला. डॉक्टरांनी लिहिलंय तेवढं मुकाट्यानं द्या, असं चढ्या आवाजात बोलून बसला. मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकानंही त्याचीच री ओढली.

बाई चिडल्या नाहीत. त्या बाहेर आल्या आणि त्यांनी छटाकला अलगद आपल्या कडेवर घेतलं.

"दादा, चाळीस किलोची पोर मला अशी उचलता आली असती का?"

"किलो कुठे म्हणालो मी? चाळीस पौंड. आमच्या बेकरीच्या काट्यावर."

"म्हणजे ही अठरा किलोची. आणि डोस लिहिलाय चाळीस किलोचा, दुपटीहून जास्त. या औषधानं गुंगी येते. एवढं पोटात गेलं असतं, तर ही गाढ झोपली असती आणि श्वास मंदावत गेला असता. तुम्हाला मात्र वाटलं असतं, बरं झालं, पोरीला झोप लागली."

बापानं काउंटरची कड घट्ट धरली. खरंच की! घरी सगळे हेच म्हणाले असते. आवाज करू नका, झोपू दे तिला, असं म्हणून दार लोटून घेतलं असतं.

बाईंनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी बाईंचे आभार मानले. चूक आपलीही आहे, रडली तरी काट्यावर घ्यायला हवं होतं, असं म्हणाले आणि नवा डोस सांगितला. बाईंनी बाटलीसोबत एमएलच्या खुणा असलेलं छोटं माप दिलं. घरातला चमचा वापरायचा नाही, असं दोनदा बजावलं.

मघाशी आवाज चढवला त्याबद्दल बाप माफी मागायला लागला, तर बाई म्हणाल्या, "तुमचा जीव टांगणीला लागला होता, मी काय मनावर घेणार? आणि तुमचा पौंड काही वाईट नाही. पण औषधाचा हिशोब किलोत होतो. आकडा सांगाल तिथे माप सांगा, एवढंच."

छटाकचा ताप उतरला. ती खेळायला लागली तसे आजोबा स्वतः केक घेऊन त्या दुकानात गेले. दोन्ही हात जोडून म्हणाले, "बाई, आमचं घर राखलंत तुम्ही. तुमचे उपकार मी मरेपर्यंत विसरायचो नाही." म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. बाई केकचा खोका हातानं तोलत म्हणाल्या, की केक मात्र पौंडातच येऊ द्या, त्याला माझी हरकत नाही. परतताना आजोबांनी किलोचा काटा विकत घेतला.

तर मंडळी, आपल्या घरात काय माप चालतं ते आपल्याला माहीत असतं, दवाखान्यातल्या माणसाला नसतं. वजन सांगाल तर किलोत सांगा, सिरप द्याल तर एमएलच्या मापानं द्या. आणि कुणी थांबवून उलट विचारलं, तर त्याच्यावर डाफरू नका. तो तुमच्याच जिवाची काळजी करत असतो.

रविवारी छटाक नव्या काट्यावर चढली. आजोबांनी चष्मा सरसावला आणि सवयीनं मोठ्यानं वाचलं, "अठरा!"

छटाकनं कमरेवर हात ठेवले. "अठरा काय, आजोबा?"

"चुकलो, माझे बाई. अठरा किलो," आजोबा म्हणाले, आणि त्यांनी तिला उचलून छातीशी धरलं.