मालोजीचा चहा

कॉलेजचं नाट्यगृह म्हणजे पूर्वीची भातगिरणी. यंत्रं गेली, रंगमंच आला; मागची भुशाची खोली मात्र तशीच राहिली. त्या खोलीत मालोजी राहतो, असं सगळे सांगत. मालोजी म्हणजे पहिल्या वर्षीचा पडदा ओढणारा गडी. एकदा तालमीत त्याला चहा द्यायला विसरले, तो रागानं निघून गेला आणि मेला. कुठे मेला, कसा मेला, ते विचारायची रीत नव्हती.

रीत होती ती वेगळीच. त्या खोलीतून आवाज आला की नाटक थांबवायचं, सगळ्यांनी पाठ फिरवायची आणि एकानं जाऊन आत कपभर चहा ठेवून यायचा.

त्या वर्षी मालोजी फार चहा पिऊ लागला होता.

"आज तिसरा कप, सर," सदू कुजबुजे. तो यंदाचा पडदा ओढणारा.

"चंद्रभागा, तूच जा बाई," एकबोटे सर म्हणत. "तुझ्याएवढी छाती आमच्यात कुणाची नाही."

चंद्रभागा कप घेऊन जाई. आत तुळईला झोळी बांधलेली असे आणि झोळीत सात महिन्यांची हिरू मुठी चोखत आईची वाट बघत असे. चंद्रभागा तिला पदराखाली घेई, एका हातानं मालोजीचा चहा पिऊन टाकी आणि रिकामा कप बाहेर आणी. कप बघून सर दरवेळी शहारत.

दुसरा इलाज नव्हता. सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "तालमीत पोर दिसलं की भूमिका दुसरीला." आणि घरी सासूनं, भीमाबाईनं, सांगितलं होतं, "शीक, नाटकं कर, काय पण कर. पोरीची आबाळ झाली की कालेज बंद." हिरू शेजारच्या शकूकडे राहते, असं चंद्रभागेनं सासूला सांगितलेलं. पण हिरू शकूकडे अर्धा तास राही, मग आळी डोक्यावर घेई. म्हणून रोज ती कपडेपटाच्या पाटीत लुगड्यांखाली लपून यायची. झोळीची दोरी पडद्याच्या दोरीलगत थेट विंगेत आणून ठेवलेली. भाषणं पाठ म्हणता म्हणता चंद्रभागा ती हळूच ओढी. आत झोळी करकरे.

"पडदा ओढतोय बघ," सदू घाम पुशी. "मेला तरी सवय जात नाय गं त्याची."

प्रयोग दुपारी दोनचा होता, कारण प्रेक्षकांना परत नेणारी कशेळ्याची शेवटची गाडी साडेपाचला सुटे. नाटकात चंद्रभागा खाष्ट सासू झाली होती. चाल, पदर खोचणं, मिशेरी लावताना डोळे बारीक करणं, सगळं तिनं घरूनच उचललं होतं. घरी कळणार थोडंच होतं!

दुसऱ्या अंकात तिनं मिशेरी लावली, पुन्हा डबीत बोट घातलं आणि समोर पाहिलं, तर तिसऱ्या रांगेत भीमाबाई. नवं लुगडं नेसून, हात बांधून.

चंद्रभागेचा हात डबीतच राहिला. तशीच ती विंगेकडे सरकली आणि दोरी चाचपू लागली. दोरी नव्हती.

"हितली दोरी कुठंय रं?"

"ती फालतू? कापली की सकाळी," सदू म्हणाला. "पडद्यात अडकत व्हती."

तेवढ्यात भुशाच्या खोलीतून असा टाहो आला की मागचे पत्रे थरथरले.

"मालोजी!" सर ओरडले. "पाठी फिरवा!"

नटांनी पाठ फिरवली. पाठोपाठ तीनशे प्रेक्षकांनी, बाकं करकरवत, रंगमंचाकडे पाठ केली. पाहुण्यांनीसुद्धा, गळ्यातल्या हारासकट. चंद्रभागेनं किटली शोधून कप भरला आणि धावली.

खोलीत भुशाच्या पोत्यावर भीमाबाई मागच्या दारानं येऊन आधीच बसली होती. मांडीवर हिरू, हुंदके देत.

"आत्याबाई, तुम्ही..."

"रडणं कुणाचं हाय ते मला कळत नाय व्हय? छप्पन साली घरातले देव नदीत सोडले आमी, ही भुतं काय उरावर घ्यायला? आनि मालोजी कशाचा मेलाय! परवा चौकात मिरच्या घेत व्हता. रसायनीला लागलाय कारखान्यात."

चंद्रभागेनं हिरूला जवळ घेतलं. हिरू गप्प झाली. बाहेर तीनशे माणसं श्वास रोखून पाठमोरी.

"आता कालेज बंद?" चंद्रभागेनं खाली बघत विचारलं.

भीमाबाई नातीच्या केसांतला भुसा एकेक करून काढत राहिली.

"पोर पाजलीयेस वेळच्या वेळी. अंग भरलंय तिचं," ती म्हणाली. मग डोळे बारीक केले. "पर मी मिशेरी डाव्या हातानं लावते. तू उजव्यानं लावलीस. जा, नीट कर. पोर मी बघते."

चंद्रभागा कप तिथंच ठेवून गेली आणि तिनं डाव्या हातानं मिशेरी लावली. प्रेक्षागृह हसून हसून लोळलं. सगळ्यांत मोठं हसू भुशाच्या खोलीतून आलं, तेव्हा सदूनं डोळे गच्च मिटले.

नाटक संपल्यावर सरांनी भुशाच्या खोलीच्या उंबऱ्यावरचा रिकामा कप दोन्ही हातांनी उचलला. "बघा! आजही प्याला!"

कपडेपटाची पाटी काखेला लावून भीमाबाई त्यांच्या शेजारून निघाली होती. ती थांबली, पदरानं ओठ पुसले.

"प्याला खरा," ती म्हणाली. "पर साखर कमी घालता तुमी."