ताजं पाणी

घाटाचं पहिलं वळण सरलं आणि इंजिनाचा ताप दाखवणारा काटा हलला.

चिमणीनं तो पाहिला. केसांत रुपेरी धागे आले तरी घरात ती चिमणीच राहिली होती, आणि ही जुनी गाडी चालवायला ती बाबांच्या शेजारी बसूनच शिकली होती. आज बाबा तिच्या शेजारी बसले होते. उजवा हात मांडीवर, कुणी विसरून गेलेल्या वस्तूसारखा. अर्धांगवायूनं तो हात नेला होता आणि निम्मं बोलणंही. उरलेले शब्द एकेक करून यायचे, लांबून पायी चालत आल्यासारखे. मागच्या सीटवर आई होती, पाण्याचा कॅन पोटाशी धरून.

डोंगरापलीकडे मोठे काका अंथरुणाला खिळले होते. तरुणपणी दोघा भावांनी भंगारातून एकेक भाग वेचून ही गाडी उभी केली होती. आता काका कुणालाच ओळखत नव्हते, पोटच्या मुलांनाही नाही. काल काकूंचा फोन आला होता. "डॉक्टरांनी हात टेकले गं. हे मात्र संध्याकाळ झाली की एकच विचारतात. गाडी आली का? धाकट्याची गाडी आली का?"

चिमणी भाड्याची मोटार ठरवायला उठली, तेव्हा बाबांनी डावा हात टेबलावर आपटला होता. "आपली," ते म्हणाले. एवढंच.

म्हणून पहाटेच तिनं बॉनेटखाली डोकं घातलं होतं. ती शिवणकाम करणारी. पट्टा ताठ आहे की सैल, हे तिला बोटानं कळायचं. पंख्याचा पट्टा ठीक होता. तेल ठीक होतं. रेडिएटरमध्ये पाणी काठोकाठ होतं. मग काटा का चढत होता?

"हीटर," बाबा म्हणाले.

"अहो, या उन्हात?" मागून आई. "माणसं शिजवायची आहेत का?"

"बरोबर सांगतायत ते," चिमणी म्हणाली आणि खिडक्यांच्या काचा खाली केल्या. "इंजिनाची धग आत ओढून घ्यायची. तिचा ताप थोडा आपण वाटून घ्यायचा."

गरम वारा पायांवर फुफाट्यासारखा आला. काटा थोडा उतरला, थबकला, आणि पुढच्या चढावर पुन्हा तांबड्या पट्टीकडे निघाला. बॉनेटच्या फटीतून वाफेची बट वर आली. चिमणीनं गाडी एका झाडाखाली घेतली.

आई कॅन घेऊन धावलीच. "तहानली असेल गं. पाजते."

"थांब आई! तापल्या लोखंडावर गार पाणी पडलं तर तडकेल. आणि झाकणाला हात लावू नकोस, वाफ तोंडावर येईल."

बराच वेळ तिघं सावलीत बसून राहिली. आजाऱ्याच्या उशाशी बसावं तशी. इंजिन निवल्यावर चिमणीनं जाड फडकं घेऊन झाकण जरासं फिरवलं, उरलेली वाफ फुसफुसून जाऊ दिली, मग आत बोट घातलं. बोटाला खरखरीत काहीतरी लागलं. नखानं खरवडलं तर पांढरी खपली निघाली, चहाच्या किटलीच्या बुडाशी साचते तशी.

"आई, यात पाणी कुठलं घालायचीस?"

"नळाचं. दर रविवारी." आईचा आवाज अभिमानानं भरून आला. "खालची तोटी सोडायची, शिळं पाणी काढायचं, ताजं भरायचं. हे आजारी पडल्यापासून एक रविवार चुकवला नाही मी. माणूस अंथरुणात आहे म्हणून काय गाडीनं शिळं प्यायचं?"

नळाचं पाणी जड, हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं? बाबा पावसाचं पाणी साठवून तेच भरायचे, आणि एकदा भरलं की उगाच बदलायचे नाहीत. इंजिनाला शिळंच मानवतं, म्हणायचे. प्रत्येक ताज्या कॅनाबरोबर नवा क्षार आत गेला होता. माया थरावर थर साचत गेली होती, आणि पाण्याची वाट सुईच्या नेढ्याएवढी उरली होती.

आईनं तिचं पांढरं बोट पाहिलं. किटली रोज तिच्याच हातात असायची. तिला सांगावं लागलं नाही.

"मी केलं होय हे?"

चिमणी बाबांकडे वळली. त्यांची खुर्ची अंगणाकडच्या खिडकीतच असायची. "बाबा, तुम्ही बघत होतात. एक 'नको' तर म्हणायचंत."

बाबांनी शब्द खूप शोधला.

"ती... गायची."

आजारपण आलं तशी घरातली गाणी गेली होती. पूर्वी कपडे वाळत घालतानाही आईच्या ओठांवर ओवी असायची. मग आई फक्त रविवारी गायची, बॉनेटच्या आडोशाला, कुणी ऐकत नाही अशा समजुतीनं:

*पाणी घालते गं बाई, तुझ्या तापल्या उराला*
*माझ्या धन्याला घेऊन, सांजे यावं तू घराला*

बाबांनी 'नको' म्हटलं असतं, तर पाणी थांबलं असतं आणि गाणंही. म्हणून दोघा भावांनी उभं केलेलं इंजिन त्यांनी डोळ्यांदेखत घोटाघोटानं चोंदू दिलं होतं.

"इश्श, ऐकू येत होतं होय तिथवर?" आई म्हणाली आणि तोंड फिरवून डोळे पुसू लागली.

घाटात काही रेडिएटर धुता येणार नव्हता. गाडीला जपत नेणं एवढंच हाती होतं. पाणी थोडं थोडं भरून चिमणीनं खालचा गिअर टाकला. एक चढ, एक विसावा. हीटर पूर्ण उघडा, तिघंही घामानं निथळलेली. दुसऱ्या विसाव्याला बाबा मागे न बघताच म्हणाले, "गा."

आई लाजली, खाकरली, मग गायली:

*चढ चढावा हळूच, नको घाई वळणाला*
*पाठचा गं भाऊ येतो, थोरल्याला भेटायाला*

ऊन कलताना काकांची गल्ली आली. चिमणीनं गाडी त्यांच्या खिडकीला लावली. थांबताच समोरचा वारा तुटला आणि काटा तांबड्यात शिरला. तिचा हात किल्लीवर गेला.

"चालू... राहू दे."

"बाबा, इंजिन जाम होईल. मग कायमचं गेलं."

"राहू दे."

त्यांनी डावा हात समोरच्या पत्र्यावर ठेवला, तापल्या कपाळावर ठेवावा तसा. आत काकूंनी खिडकी ढकलली. "अहो, ऐकलंत का? कोण आलंय बघा." उत्तर नाही. तापल्या तेलाचा करपट वास गाडीत पसरला. आईनं पुढच्या सीटची पाठ घट्ट धरली.

मग आतून एक आवाज आला. क्षीण, फाटका, पण चिडलेला.

"अरे तापलीये ती! कळत नाही का गाढवा? बंद कर आधी!"

चिमणीनं किल्ली फिरवली. गल्ली एकदम शांत झाली. निवत चाललेलं लोखंड तेवढं टिकटिकत राहिलं.

बाबा खिडकीकडे झुकले. या वेळी शब्द लवकर आले.

"केली दादा. आलो."