दौऱ्यावर न गेलेला बूट

मित्रांनो, मी रग्बीचा एक जुना बूट आहे, उजव्या पायाचा. न्यूझीलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, टोकोमारू गावातल्या चांभाराने मला गाईच्या जाड कातड्यातून शिवलं आणि तळव्याला चामड्याचे खुंट ठोकले. माझा मालक पाओरा हा माओरी गडी, म्हणजे या बेटांवरच्या मूळच्या सावळ्या लोकांपैकी. दिवसभर कंबर वाकवून तो मेंढ्यांची लोकर कातरायचा आणि संध्याकाळी समुद्राकाठच्या मैदानावर चेंडू मारायचा. माझा फटका बसला की चेंडू उंच खांबांच्या मधून सरळ निघून जाई. घरी आल्यावर पाओरा मला मेंढीची चरबी चोळत बसे. "माझे पाय कधी इतके चोळले नाहीस," असं त्याची बायको मेरेआना म्हणायची.

त्या वर्षी आमचा काळ्या जर्सीचा राष्ट्रीय संघ दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर निघणार होता. बोटीने जायचं, कित्येक महिने राहायचं, कसोटी सामन्यांची मालिका खेळायची. आमच्याकडची पोरं नीट चालायला लागायच्या आधीच या मालिकेची स्वप्नं बघतात. निवड चाचणीत पाओराची एकही लाथ वाया गेली नाही. निवड करणाऱ्यांपैकी एकाने त्याच्या पाठीवर थापही मारली. मला वाटलं, चला, आता समुद्र ओलांडायचा.

पण तिथे गोऱ्यांच्या मैदानावर सावळ्या माणसाने खेळायचं नाही, असा दंडक होता. आमच्या निवड करणाऱ्यांनी तो मुकाट्याने मानला. रेडिओवर नावं वाचली गेली, त्यांत एकही माओरी नव्हता. पाओरा उठला, त्याने माझा चिखल काढला, चरबी लावली आणि मला पडवीतल्या खिळ्याला अडकवलं.

ती मालिका आम्ही हरलो. गावकरी म्हणत, पाओरा असता तर! तो मात्र आत निघून जाई. पुढे गावासाठी तो खेळला, पण नव्या बुटांत. माझं कातडं कडक झालं, एका ओल्या हिवाळ्यात कोळ्याने माझ्यात घर केलं. न पाहिलेल्या त्या मैदानाची ओढ काही सुटेना. तिथली माती कशी असेल? ओली, की आमच्या वाळूसारखी सुटी?

वीसेक वर्षं गेली. पाओराचा मुलगा मातिउ राष्ट्रीय संघात आला आणि पुन्हा तोच दौरा ठरला. या वेळी त्या देशाने कळवलं, माओरींनाही आणा. तेवढ्यापुरतं आम्ही त्यांना गोरं समजू. मातिउ पडवीत बापाशेजारी येऊन बसला.

"पापा, जाऊ का मी?"

"तुला जायचंय?"

"जायचंय. पण गोरा म्हणून नाही."

पाओराने समुद्राकडे तोंड फिरवलं. "मला नको विचारूस," तो म्हणाला. "मी हो म्हणेन. मला अजून जायचंय रे."

आत भांडी घासणाऱ्या मेरेआनाचे हात थांबले. इतक्या वर्षांत हे तो पहिल्यांदाच बोलला होता.

मातिउ गेला. परत आल्यावर त्याने सांगितलं, तिथे सावळ्या प्रेक्षकांना मैदानाच्या टोकाला तारेच्या जाळीआड कोंबलं होतं आणि ते सगळे पाहुण्यांच्या बाजूने ओरडत होते. सामना संपल्यावर तो जाळीपाशी गेला, तेव्हा एका म्हाताऱ्याने बोटं बाहेर काढून त्याचा हात धरला.

"काय म्हणाला तो?" पाओराने विचारलं.

"म्हणाला, फार उशीर केलात रे."

मग पाओराने विचारलं, "चेंडू किती लांब जातो तिथे?"

"फार लांब, पापा. उंचावरचा मुलूख, हवा विरळ. तुमची लाथ असती तर..."

त्या दिवशी पाओराने मला खाली काढलं, कोळ्याचं जाळं झटकलं आणि माझ्यात पाय घालून पाहिला. त्याचा पाय सुजरा झाला होता, मीही आखडलो होतो. टाच काही आत गेली नाही. मला मांडीवर घेऊन तो नुसता बसून राहिला.

मित्रांनो, आता पाओरा नाही. तुमच्या बुटांना तेल लावा, पण लावून नुसते ठेवू नका. कातडं वापरानेच मऊ राहतं. आणि संघ निवडायची पाळी तुमच्यावर आली, तर ज्याचा पाय चांगला त्याला न्या, त्याचं वय आहे तोवर न्या. उशिरा आलेलं बोलावणं कोणाच्याच पायात बसत नाही.