सव्वाचारचा गजर

चार वाजायच्या आतच जिना माणसांनी भरून गेला. चपला पार खालच्या पायरीपर्यंत पोहोचल्या. वर, घड्याळजींच्या बाहेरच्या खोलीत, त्यांच्या बायकोचा जुना कॉम्प्युटर टेबलावर बंद पडून होता. बायको जाऊन दीड महिना झाला होता; गल्लीत तिला सगळे ताई म्हणत. कीबोर्डवर चिठ्ठ्यांचा ढीग. कुणाला नोकरी हवी होती, कुणाला मूल, एकाला नुसता शेजाऱ्याचा कुत्रा गप्प व्हायला हवा होता.

बरोबर सव्वाचारला, कुणी बोटही न लावता, पंखा घरघरला आणि पडदा उजळला.

"आल्या! ताई आल्या!"

"शांत!" दिव्यदृष्टी गरजला. हा गृहस्थ पूर्वी मोबाइलची कव्हरं विकायचा. गेल्या महिन्यापासून आत्म्यांशी बोलू लागला होता. "आत्म्याला लागते ऊर्जा. ऊर्जा कुठे? यंत्रात! ताई म्हणतात, सगळ्या चिठ्ठ्या मंजूर."

आजवर एकही चिठ्ठी नामंजूर झाली नव्हती.

घड्याळजी कोपऱ्यात मान खाली घालून बसले होते. लोकांच्या घड्याळांचे गजर लावण्यात त्यांचा जन्म गेला होता. कॉम्प्युटरच्या पोटातही एक घड्याळ असतं, हे त्यांना हा प्रकार सुरू झाल्यावर तिसऱ्याच दिवशी कळलं होतं. चालू होताना एक कळ दाबून ते आतल्या सेटिंगमध्ये शिरले, तर तिथे स्पष्ट होतं: रोज, सव्वाचार, आपोआप चालू. बायको घरी प्रुफं तपासायची. यंत्र सुरू व्हायला दहा मिनिटं खायचं. चहा होईपर्यंत ते तयार असावं म्हणून तिनेच तसं लावून ठेवलं होतं.

पण तोवर घर माणसांनी भरलं होतं. आणि सगळे तिच्याबद्दल बोलत होते. घड्याळजी गप्प राहिले.

पडद्यावर, यंत्राच्या आतल्या मूळ प्रोग्रामबद्दल, रोजची सूचना आली. नवीन फर्मवेअर तयार आहे. अपडेट केल्यास सर्व सेटिंग मूळ स्थितीला जातील.

"खबरदार!" दिव्यदृष्टी म्हणाला. "फर्मवेअर म्हणजे यंत्राचा प्राण. प्राण बदलला की आत्मा बाहेर!"

घड्याळजींचं बोट सवयीने 'नंतर'कडे गेलं. तेवढ्यात शिंपीणकाकू लंगडत पुढे आल्या. पायाला फडकं गुंडाळलं होतं.

"भावजी, ताईंनी माझी साखर जाण्याची चिठ्ठी मंजूर केली तेव्हापासून मी इन्सुलिन बंद केलंय हं. नऊ दिवस झाले. जखम जराशी काळी पडलीय, पण बरी होईल."

फडक्याचा वास खोलीभर पसरला. घड्याळजी उठले.

"काकू, एक वेळ सांगा. पुढच्या अर्ध्या तासातली, कुठलीही."

"कशाला?"

"सांगा तर."

"चार छत्तीस."

घड्याळजींनी आतल्या सेटिंगमध्ये जाऊन ती वेळ सगळ्यांना दाखवून लावली आणि यंत्र बंद केलं.

"अपमान!" दिव्यदृष्टी किंचाळला. "आता ताई कधीच येणार नाहीत!"

चार छत्तीसला पंखा घरघरला.

"अहो, ताईंना अपमान चालला वाटतं!" मागून कुणीतरी म्हणालं. खोली हसली. दिव्यदृष्टी चपला शोधू लागला.

"हा गजर आहे," घड्याळजी म्हणाले. "माणसाने लावायचा, यंत्राने पाळायचा. यात कुणी येत नाही."

काकू हसल्या नव्हत्या. "हे तुम्हाला आज कळलं, भावजी?"

हो म्हणणं सोपं होतं.

"नाही. तिसऱ्या दिवशी."

"आणि मी रोज हा जिना चढत होते."

"हो."

घड्याळजींनी काकूंना हाताला धरून जिना उतरवला आणि इस्पितळात नेलं. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी अपडेटला 'हो' म्हटलं. सगळी सेटिंग पुसली गेली, तिने लावलेली वेळही. पुन्हा लावायला मिनिटभर लागलं असतं. त्यांनी लावली नाही.

दुसऱ्या दिवशी सव्वाचारला ते काकूंच्या खाटेजवळ होते. उजव्या पायाची दोन बोटं गेली होती, पाय वाचला होता.

"याच पायाने मशीन चालवते मी," काकू म्हणाल्या. मग, "आज ताई आल्या नाहीत?"

"ती दीड महिन्यापूर्वी गेली, काकू," घड्याळजी म्हणाले. हे ते पहिल्यांदाच मोठ्याने बोलत होते.

पडदा आपोआप उजळला, तर हात जोडण्याआधी विचारा, हे लावलं कुणी? आणि तुम्हाला ते माहीत असेल, तर त्याच दिवशी सांगा. फसवणाऱ्याला जमाव लागतो, तशी गप्प बसणारी माणसंही लागतात.